नर्सेस नोट्समधील प्रमाणित संज्ञा : वॉर्डात खरा उपयोग किती, आणि सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : इन्चार्ज सिस्टर, सर्जिकल वॉर्ड

सर्वांना नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. येत्या दोन महिन्यांत आमच्या नर्सेस नोट्स कागदावरून संगणकावर जाणार आहेत. नोंदीसाठी कोणत्या संज्ञा ठेवायच्या आणि प्रत्येकीचा अर्थ काय धरायचा, हे ठरवण्याचे काम मेट्रन मॅडमनी माझ्याकडे व आणखी दोघींकडे सोपवले आहे. शिकत असताना केअर प्लॅनमध्ये मी नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे परिचारिकेने ओळखलेल्या रुग्णाच्या समस्यांची नावे, लिहिले आहेत आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळाले आहेत. परंतु नोकरीच्या सोळा वर्षांत ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती सोपवताना, ती भाषा कोणी वापरल्याचे मला आठवत नाही.

हा विषय मला केवळ नेमून दिलेले काम वाटत नाही, त्याला एक प्रसंग कारण आहे. गेल्या पावसाळ्यात, मी पूर्वी काम करत होते त्या ठिकाणी, बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ हार्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दुपारी वॉर्डात आले. भूल स्पायनल, म्हणजे कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी, होती. संध्याकाळी सातच्या नोंदीत माझ्याच पाळीतल्या सिस्टरने लिहिले, ‘युरिन नॉट पास्ड’ (लघवी झाली नाही), आणि त्याखाली मी सही केली. रात्रपाळीला आलेल्या सिस्टरने त्याचा अर्थ लघवी कमी तयार होते आहे असा घेतला, फोनवर डॉक्टरांना ‘आउटपुट कमी आहे’ असे सांगितले, आणि डॉक्टरांनी त्या माहितीवरून सलाइनचा वेग वाढवायला सांगितला. पहाटे चारच्या सुमारास ते गृहस्थ पलंगाचे कठडे धरून तळमळत होते. पोटाला हात लावला तेव्हा मूत्राशय बेंबीच्या जवळ पोहोचले होते, आणि कॅथेटर (लघवीची नळी) टाकल्यावर अकराशे मिली लघवी निघाली. ते बरे होऊन घरी गेले, पण कॅथेटर आणखी दोन दिवस ठेवावा लागला आणि मधली ती रात्र त्यांनी विनाकारण सोसली.

नंतर त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, ‘सिस्टर, ते संध्याकाळपासून सांगत होते की लघवी तुंबलीय.’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तुंबणे म्हणजे साठले आहे पण बाहेर पडत नाही, हे मराठी बोलणाऱ्या कोणालाही कळते. रुग्णाने नेमका शब्द वापरला होता. आम्ही त्याचे इंग्रजी करताना त्यातील नेमकेपणा घालवला.

आता माझ्या अडचणी सांगते. सहकारी सिस्टरांचे म्हणणे असे, की डॉक्टरांचे निदान केस पेपरवर असताना नर्सने वेगळी संज्ञा लिहिणे म्हणजे त्याच कामाला दुसरे नाव देणे होय. तीस रुग्णांना दोघी असताना यादीतून शब्द शोधत बसायला वेळ कुठला, हा त्यांचा दुसरा आक्षेप, आणि तो मला खोडता येत नाही. शिवाय नंदा (NANDA) या संघटनेची नर्सिंग डायग्नोसिसची संपूर्ण यादी घ्यावी की आपली छोटी यादी करावी, आणि रुग्ण मराठीत जे सांगतो त्याला या यादीत जागा कोठे असावी, हेही मला उमगलेले नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

उत्तर : पाठ्यनिर्देशक, नर्सिंग महाविद्यालय

सिस्टर, आपण स्वतःची सही असलेली नोंद समोर ठेवून प्रश्न विचारला आहे, म्हणून मीही माझ्या बाजूची चूक आधी मान्य करते. आम्ही शिक्षकांनी नर्सिंग डायग्नोसिस हा परीक्षेतील तक्ता करून टाकला. विद्यार्थिनी पुस्तकातून ‘नॉलेज डेफिसिट’ (माहितीचा अभाव) उतरवते, पाचही रुग्णांना तेच लावते, आणि आम्ही त्यावर बरोबरची खूण करतो. वॉर्डात गेल्यावर ती भाषा टिकत नाही यात तिचा दोष नाही.

परंतु ही भाषा ज्या गरजेतून निर्माण झाली ती गरज आपल्या प्रसंगातच दिसते. १९७३ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे क्रिस्टीन गेबी आणि मेरी अ‍ॅन लेविन यांनी परिचारिकांची पहिली परिषद बोलावली. परिचारिका स्वतःच्या अधिकारात ओळखते आणि हाताळते अशा समस्यांना एकसारखी नावे द्यावीत, एवढाच तिचा विषय होता. त्या कामातून १९८२ मध्ये नंदा ही संघटना उभी राहिली आणि २००२ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय रूप घेतले. पुढे आयोवा विद्यापीठातून परिचारिकेच्या कृतींचे वर्गीकरण, म्हणजे एनआयसी, १९९२ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि रुग्णात दिसणाऱ्या परिणामांचे वर्गीकरण, म्हणजे एनओसी, १९९७ मध्ये आले. समस्या, कृती आणि परिणाम या तिन्हींना नावे मिळाली, तेव्हाच परिचारिकेने काय पाहिले, काय केले आणि त्याने काय झाले हे सलग वाचता येऊ लागले.

आपल्या सहकारी म्हणतात की डॉक्टरांचे निदान असतेच. आपल्या रुग्णाचे डॉक्टरांचे निदान काय होते? इंग्वायनल, म्हणजे जांघेतला, हार्निया. त्या रात्री त्यांना ज्याचा त्रास झाला ते हार्नियात कोठेच नव्हते. ते होते ‘युरिनरी रिटेन्शन’, म्हणजे लघवी तुंबणे, आणि ते ओळखण्यासाठी रुग्णाच्या उशाशी असलेली एकच प्रशिक्षित व्यक्ती होती, ती म्हणजे सिस्टर. नंदामध्ये या संज्ञेखाली मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे अशी व्याख्या दिलेली आहे आणि तिच्यासोबत लक्षणेही दिली आहेत : मूत्राशय फुगलेले असणे, भरल्याची जाणीव असणे, थोडी थोडी लघवी होणे किंवा मुळीच न होणे. याउलट लघवी कमी तयार होणे ही निराळी अवस्था आहे. प्रौढ रुग्णात ताशी दर किलो वजनामागे ०.५ मिलीपेक्षा कमी लघवी असेल तर आपण तिच्याकडे पाहू लागतो. पहिल्यात मूत्राशय रिकामे करायचे असते, दुसऱ्यात रक्तदाब, द्रवाचे प्रमाण आणि मूत्रपिंडे पाहायची असतात. ‘युरिन नॉट पास्ड’ हे वाक्य दोन्हींना लागू पडते, म्हणूनच ते धोकादायक आहे. मुद्दा इंग्रजी किंवा मराठी शब्दाचा नसून, त्या शब्दामागे सर्वांना मान्य असलेली व्याख्या आहे की नाही, याचा आहे.

संपूर्ण यादी घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन. नंदाच्या २०२१ ते २०२३ या आवृत्तीत २६७ निदाने होती आणि ती १३ क्षेत्रांत व ४७ वर्गांत विभागलेली आहेत. अभ्यासासाठी ती रचना सुंदर आहे, पण रात्री दोन वाजता तीस रुग्णांच्या वॉर्डात ती कोणी उघडणार नाही. माझी सूचना अशी, की आपल्या वॉर्डात एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्या दोन गोष्टींवर करायची कृती वेगळी असते, अशा जागा आधी शोधा.

एक उदाहरण देते, कारण ते प्रत्येक वॉर्डात रोज घडते. ‘आयव्ही आउट झाली’ असे आपण म्हणतो. सुईच्या जागी सूज आहे, पण ती जागा थंड आणि फिकी आहे, म्हणजे द्रव शिरेबाहेर ऊतींत जातो आहे, हे इन्फिल्ट्रेशन. तीच जागा गरम, लाल आणि शिरेच्या रेषेत दुखरी आहे; हा फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह. आणि बाहेर गेलेला द्रव कॅल्शियम ग्लुकोनेट किंवा नॉरअ‍ॅड्रेनलिन असेल तर ते एक्स्ट्राव्हॅजेशन, ज्यात कातडी मरू शकते, डॉक्टरांना त्याच मिनिटाला बोलवावे लागते आणि कॅन्युला लगेच ओढून न काढता आधी तिच्यातून उरलेले औषध मागे खेचावे लागते. तिन्हींना ‘आउट झाली’ म्हटले तर नोंद वाचून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. फ्लेबायटिससाठी व्हीआयपी स्कोअर (सुईची जागा पाहून द्यायचे गुण) आहे, शून्य ते पाच. दुखणे, लाली आणि सूज यांपैकी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या की स्कोअर दोन होतो आणि जागा बदलायची असते. ‘थोडे लाल आहे’ यापेक्षा ‘व्हीआयपी दोन, जागा बदलली’ हे लिहायला कमी वेळ लागतो, हे आपल्या सहकाऱ्यांना प्रत्यक्ष लिहून दाखवा. वेळेचा आक्षेप लांबलचक यादीबाबत खरा आहे. नेमक्या संज्ञेबाबत तो टिकत नाही.

उत्तर : निवृत्त परिसेविका

मी चौतीस वर्षे शासकीय सेवेत होते, त्यापैकी अखेरची अकरा वर्षे परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिका, म्हणून. पाठ्यनिर्देशक मॅडमनी सांगितलेले मला मान्य आहे, परंतु एक गोष्ट त्यांच्या लिहिण्यातून सुटली असे वाटते.

आपल्याकडे प्रमाणित भाषा नाही असे समजू नका. ती आहेच, आणि तिनेच घात केला आहे. ‘जीसी फेअर, व्हायटल्स स्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स, स्लेप्ट वेल’ (प्रकृती ठीक, नाडी-रक्तदाब स्थिर, नवी तक्रार नाही, झोप चांगली) ही चार वाक्ये महाराष्ट्रातील कोणत्याही वॉर्डात, कोणत्याही पाळीत, कोणत्याही रुग्णाच्या पानावर सापडतील. सर्व सिस्टर तीच वापरतात, त्यांचे अक्षरसुद्धा सारखे वाटू लागते, आणि त्यांतून रुग्णाविषयी काही कळत नाही. संगणकावर ही वाक्ये एका बोटाने उमटतील आणि मागच्या पाळीची नोंद जशीच्या तशी पुढे ओढता येईल. शब्द सर्वांचे एक झाले म्हणजे नोंद सुधारली, असे होत नाही.

दुसरे, चुकीची प्रमाणित संज्ञा ही साध्या ढोबळ वाक्यापेक्षा अधिक नुकसान करू शकते. माझ्या वॉर्डात एकदा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एक आजी रात्री म्हणाल्या, ‘जीव घाबराघुबरा होतोय गं.’ ड्यूटीवरच्या सिस्टर हुशार होत्या, केअर प्लॅन नीट शिकलेल्या होत्या. त्यांनी ‘अँझायटी’ (चिंता) लिहिले आणि धीर दिला, पाणी दिले, उशाशी बसल्याही. ओव्हर घेणाऱ्या सिस्टरनेही ‘अँझायटी’ वाचले आणि पुढे धीरच दिला. सकाळी राउंडला ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे दिसले. आपल्या भाषेत जीव घाबरा होणे म्हणजे भीती वाटणे असते, धडधड असते, धाप असते, साखर कमी होणे असते, आणि वयस्कर बायकांमध्ये छातीत न दुखता येणारा झटकाही असतो. सिस्टरने आजींचे शब्द तसेच उतरवले असते, तर वाचणारी निदान थांबून नाडी तरी पाहती. ‘अँझायटी’ या एका शब्दाने विचार करण्याची जागाच बंद केली.

म्हणून माझा आग्रह असा, की संज्ञेच्या शेजारी रुग्णाचे वाक्य त्याच्याच शब्दांत, मराठीत, लिहायला एक मोकळी ओळ असलीच पाहिजे, आणि ती रिकामी ठेवून पुढे जाता येऊ नये.

बेडसोअरच्या, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेच्या, बाबतीतही एक सांगते. स्टेज एकच्या व्याख्येत दाबल्यावर न विरणारी लाली असे लिहिलेले असते. आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर ती लाली दिसत नाही. कातडी थोडी काळपट दिसते, हाताला गरम किंवा टणक लागते, आणि रुग्ण तेथे हुळहुळते म्हणतो. व्याख्या घ्या, पण आपल्या रुग्णांवर ती कशी ओळखायची तेही तिच्याखाली लिहा. बॅक केअर (रुग्णाच्या पाठीची निगा) करताना माझी बोटे जे सांगत ते डोळ्यांना कधी दिसले नाही.

उत्तर : स्टाफ नर्स, इंग्लंड

निवृत्त परिसेविका ताईंना नमस्कार. मी मूळची सांगलीची, गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये मेडिकल वॉर्डात काम करते. येथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मला कळले, की आपण ज्याला वैद्यकीय इंग्रजी समजतो त्यातील बरेचसे आपल्यापुरतेच आहे. औषधापुढे ‘एसओएस’ म्हटले तर येथील सहकाऱ्यांना कळत नसे. गरज पडेल तेव्हा यासाठी येथे ‘पीआरएन’ म्हणतात. इंट्राकॅथ, व्हेन्फ्लॉन, आयव्ही, जेल्को ही चारही नावे मी एकाच वस्तूसाठी वापरत होते आणि माझ्या वॉर्डात सर्वांसाठी कॅन्युला हा एकच शब्द आहे. तेव्हा थोडे अवघडल्यासारखे झाले, पण नंतर त्याचा फायदा पटला.

येथे सर्वाधिक उपयोगी पडलेली प्रमाणित गोष्ट म्हणजे न्यूज-टू, प्रकृती बिघडत असल्याचा वेळीच इशारा देणारी गुणपद्धती. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तिची ही दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आणली. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन सुरू असेल तर त्याचे आणखी गुण धरायचे. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टर आणि सात झाली की आपत्कालीन पथक. सोळा वर्षांखालील मुलांना आणि गर्भवतींना ती लावायची नसते. यातून माझ्यासाठी जे बदलले ते गुणांपेक्षा मोठे होते. गावाकडे असताना रात्री डॉक्टरांना उठवायचे म्हणजे ‘सर, मला जरा पेशंट बरा वाटत नाही’ असे चाचरत बोलावे लागे आणि पुढचा प्रश्न येई, ‘म्हणजे नक्की काय?’ येथे ‘न्यूज सात आहे’ एवढे म्हटले की समोरच्याला यावेच लागते. नुसत्या माझ्या ‘वाटण्या’ला जे वजन मिळत नव्हते, ते सर्वांनी आधीच मान्य केलेल्या शब्दाला मिळाले.

त्याच आवृत्तीत शुद्धीच्या नोंदीत ‘नव्याने आलेला गोंधळलेपणा’ ही पायरी घातली गेली आणि तिला सरळ तीन गुण दिले. पूर्वी वयस्कर माणूस असंबद्ध बोलू लागला तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाई. आता ते सेप्सिसचे (जंतुसंसर्गामुळे शरीरभर होणाऱ्या गंभीर बिघाडाचे) लक्षण असू शकते म्हणून कोणी ना कोणी पाहतेच.

परंतु ताईंनी दिलेला इशारा येथेही खरा ठरतो. मुलाकडे आलेल्या एक मराठी आजी न्यूमोनियामुळे आमच्याकडे दाखल झाल्या. रात्रीच्या नोंदीत त्यांच्यापुढे ‘नव्याने आलेला गोंधळलेपणा’ लिहिलेले होते, कारण विचारलेल्या प्रश्नांना त्या भलतीच उत्तरे देत होत्या आणि जेवणाचा ट्रे ढकलत होत्या. सकाळी मी मराठीत विचारले, तेव्हा त्यांनी मुलाचे नाव, गावाचे नाव, रुग्णालयात येऊन किती दिवस झाले ते सर्व अचूक सांगितले, आणि म्हणाल्या, ‘अगं, आज एकादशी आहे, मी हे कसं खाऊ?’ त्या पूर्ण भानावर होत्या. संज्ञा चांगली होती, व्याख्याही चांगली होती. मात्र ती लावण्यापूर्वी रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणे झाले नव्हते. मी नोंद दुरुस्त केली आणि दुभाष्याची गरज असल्याचे वर लिहिले.

उत्तर : आरोग्य माहिती प्रणाली, पुणे

मी परिचारिका नाही. रुग्णालयांच्या संगणकीय नोंदींची रचना करण्याचे काम करतो, त्यामुळे फक्त त्या बाजूचे लिहितो.

नंदाची संज्ञासूची संगणक प्रणालीत घालायची असेल तर तिचा परवाना घ्यावा लागतो, हे कंत्राटदाराशी बोलण्यापूर्वी लक्षात घ्या. आपल्या देशात दुसरा मार्ग खुला आहे. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय संज्ञासूचीचा सदस्य देश आहे, त्यामुळे ती येथे शुल्काशिवाय वापरता येते. आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या ईएचआर (संगणकीय आरोग्य नोंदी) मानकांतही तिचा समावेश आहे. तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९८९ च्या ठरावानंतर आयसीएनपी ही परिचर्येची स्वतंत्र संज्ञासूची घडवली होती. २०२० मध्ये झालेल्या करारानंतर तिचे व्यवस्थापन आणि वितरणही स्नोमेडकडे आले. म्हणजे परिचर्येच्या संज्ञा शोधायला वेगळीकडे जाण्याची गरज उरलेली नाही.

स्नोमेडची रचना आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. त्यात प्रत्येक अर्थाला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाला अनेक शब्द जोडता येतात. लघवी तुंबणे आणि लघवी कमी तयार होणे यांचे क्रमांक वेगळे आहेत. पडद्यावर सिस्टरला ‘लघवी तुंबली आहे’ असे मराठीत दिसू शकते, डॉक्टरांना ‘युरिनरी रिटेन्शन’ असे दिसू शकते आणि आत साठणारा क्रमांक एकच राहतो. त्यामुळे मराठी की इंग्रजी हा वाद आपल्याला घालावाच लागणार नाही. मात्र मराठी शब्द जोडण्याचे काम माझ्यासारख्याने करू नये. ‘जीव घाबरा होणे’ मी बहुधा ‘अँझायटी’लाच जोडले असते; वरचे उत्तर वाचून मला ते जाणवले. असे अनेकार्थी वाक्य कोणत्याही एका क्रमांकाला न जोडता, निवडताच नाडी, श्वास, साखर आणि ईसीजी यांची विचारणा पुढे यावी, असे बांधता येते.

दोन गोष्टी कंत्राटात लिहून घ्या. पडदा उघडताच ‘सामान्य’ हा पर्याय आधीच निवडलेला नसावा, आणि मागच्या पाळीची नोंद पुढे ओढण्याची सोय नर्सेस नोट्समध्ये बंद असावी. या सोयी वेळ वाचवतात म्हणून आग्रहाने विकल्या जातात, पण परिसेविका ताई ज्या चार वाक्यांविषयी बोलल्या ती याच सोयींमुळे कायमची होतील.

आणखी एक. क्रमांक पडला की मोजता येते. स्पायनलनंतर लघवी तुंबल्याचे रुग्ण महिन्यात किती, त्यांत शेवटच्या लघवीची वेळ किती जणांची नोंदलेली होती, हे आज आपण हजार पाने चाळूनही सांगू शकणार नाही. नॉर्मा लँग आणि जून क्लार्क यांनी १९९२ मध्येच मांडले होते, की परिचारिका जे करते त्याला नाव देता आले नाही, तर त्यावर नियंत्रण ठेवता येत नाही, त्यासाठी पैसा मागता येत नाही, ते शिकवता येत नाही आणि धोरणातही आणता येत नाही. तीस रुग्णांना दोघी सिस्टर पुरत नाहीत हे व्यवस्थापनाला पटवायचे असेल, तर त्या दोघी एका रात्रीत काय काय ओळखतात आणि हाताळतात ते आधी मोजता यायला हवे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : इन्चार्ज सिस्टर, सर्जिकल वॉर्ड

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे छापून मी मेट्रन मॅडमना दिली, आणि काल दुपारच्या ओव्हरनंतर आम्ही तिघी दीड तास बसलो.

आम्ही फक्त नऊ बाबींपासून सुरुवात करणार आहोत. लघवीची ओळ सर्वांत आधी तयार झाली. त्यात ‘झाली नाही’ हा पर्यायच ठेवलेला नाही. त्याऐवजी शेवटच्या लघवीची वेळ, मिलीमध्ये प्रमाण, ओटीपोटावर हात ठेवून पाहिले का आणि मूत्राशय हाताला लागते का, एवढे भरायचे; त्यानंतर ‘तुंबली आहे’, ‘कमी तयार होते आहे’ किंवा ‘अजून सांगता येत नाही, अमुक वाजता पुन्हा पाहीन’ यांपैकी एक निवडायचे. तिसरा पर्याय ठेवण्यावरून आमच्यात बराच वाद झाला, पण तो नसला तर रात्री घाईत कोणीही पहिल्या दोहोंपैकी एक अंदाजाने निवडेल, हे सर्वांना पटले. आयव्हीची ओळ पाठ्यनिर्देशक मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तीन भागांत केली आहे. बेडसोअरच्या स्टेज एकखाली ‘हाताला गरम, टणक, हुळहुळते’ हे शब्द घातले आहेत. रुग्णाचे वाक्य मराठीत लिहिण्याची ओळ सर्वांत वर आहे आणि ती भरल्याशिवाय खालचे काही उघडणार नाही. संगणक येण्यापूर्वी पंधरा दिवस हा नमुना कागदावर चालवून पाहणार आहोत, आणि वॉर्डातील मावशींनाही त्यातील मराठी शब्द वाचून दाखवणार आहोत, कारण रुग्ण पुष्कळदा पहिल्यांदा त्यांनाच सांगतो.

एका ठिकाणी मात्र अडलो आहोत आणि त्यासाठी पुन्हा मदत मागते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण म्हणतो, ‘पोटरीत गोळा येतोय.’ बहुतेक वेळा तो साधा वांब असतो. पण पडून राहिलेल्या रुग्णात खोल शिरेत रक्त गोठल्यावरही नेमके हेच शब्द येतात, आणि तेव्हा पोटरी चोळून देणे धोक्याचे असते. सध्या आम्ही हे वाक्य आले की दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजायचा, सूज आणि गरमपणा पाहायचा, चोळायचे नाही आणि डॉक्टरांना कळवायचे, असे लिहिले आहे. खानदेश, कोकण, विदर्भ, मराठवाडा येथे काम करणाऱ्या सिस्टरांनी कृपया सांगावे, की आपल्याकडे रुग्ण यासाठी कोणते शब्द वापरतात, आणि वांब व गोठलेले रक्त यांत रुग्णाच्या बोलण्यात काही फरक आपल्याला जाणवला आहे का.